सामाईक अंक

परवा मुलासाठी दप्तर मागवत होते. पैसे भरायच्या पानावर ती रिकामी चौकट आली, ‘कूपन कोड असल्यास इथे टाका’, आणि मला एकदम काकांची आठवण झाली. त्या चौकटीवर एवढा जीव असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणी ती रिकामी सोडून पुढं गेलं, तर ताटात अर्धी भाकरी टाकून उठल्यासारखं त्यांना वाटायचं. "अगं टाकून तर बघ कायतरी," म्हणायचे, "लागला तर लागला!"

काका म्हणजे माझे उमरग्याचे घरमालक. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. आता ते नाहीत. लग्नाआधी पाच-सहा वर्षं मी उमरग्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या नोकरीला होते आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहायचे. मी मूळची तुळजापूरची. तिथं आमचं परडी, कुंकू आणि कवड्यांच्या माळांचं दुकान. गिऱ्हाईक कुठल्या भावाला अडतं आणि कुठल्या भावाला पाघळतं, हे मला पाढे पाठ व्हायच्या आधी कळायला लागलं होतं. त्यामुळे घासाघीस करणारी माणसं मला नवी नव्हती. पण हा नमुना निराळाच निघाला.

खोली बघायला गेले तेव्हा मी भाडं विचारलं. "आदी तू सांग," म्हणाले. मी एक आकडा सांगितला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "एवढं कुठून देशील? लॅबवाले पगार तरी देत्यात का? कमी कर." मी थोडं कमी केलं. "अजून कमी कर." मी आणखी कमी केलं. तेव्हा कुठं त्यांनी मांडीवर थाप मारली आणि "झालं, ठरलं!" म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "आता तिलाच द्या वरून चार पैसे!" स्वतःच्याच भाड्यावर भाडेकरूच्या बाजूनं घासाघीस करणारा घरमालक मराठवाड्यात दुसरा असेल असं मला वाटत नाही. भाव किती ठरला याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. न भांडता ठरलेला भाव त्यांना अळणी लागायचा, एवढंच.

घरात शिरल्यावर एसटीतून उतरलोच नाही असं वाटायचं. जिन्याच्या कठड्याला एक दोरी बांधलेली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला स्वैपाकघरात घंटी. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. चहा पाहिजे असला की दोन, भाजी पुरे झाली की एक. पाहुण्यांसमोरसुद्धा. ओसरीवर दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीच्या पाठीवर त्यांनी स्वतः रंगानं ‘महिलांसाठी राखीव’ असं लिहिलं होतं. तिच्यावर कुणी बाप्या बसला की त्याला उठवायचे. जावयालाही उठवलं होतं म्हणे, आणि ते सुद्धा दिवाळसणाला. काकू म्हणायच्या, "लगीन झाल्यापासून म्या उभ्यानंच पर्वास करलाले. बसाय जागा म्हून दिली न्हाय ह्या मानसानं." म्हणायच्या आणि हसायच्या.

तर या माणसाला नाद होता कॉमिकचा. तोही एकाच. ‘चाबूकस्वार’ नावाची एक चित्रकथा त्यांच्या लहानपणी निघायची. तोंडाला काळं फडकं बांधलेला घोडेस्वार, हातात चाबूक, आणि कुणावर अन्याय झाला की टेकडीवर हा हजर. सगळे मिळून पंचवीस अंक निघाले आणि मग काढणाराचं दिवाळं वाजलं. काकांचे वडील, म्हणजे आबा, बैलबाजाराला उमरग्याला आले की स्टँडवरून एक अंक घेऊन जायचे आणि सास्तूरच्या घरात तो घरभर वाचला जायचा.

इंटरनेटवर जुन्या कॉमिकची दुकानं असतात, हे मला काकांमुळं कळलं. त्यांचं ठरलेलं दुकान पुण्याकडचं होतं. मी लॅबमधून आले, हातपाय धुतले, की दोन टोले पडायचे. हे दोन टोले माझ्यासाठी असायचे. मी खाली यायचे, राखीव खुर्चीवर बसायचे आणि काका त्यांचा मोबाइल माझ्या हातात द्यायचे. "उघड दुकान."

वर छापलेली किंमत दीड रुपया आणि दुकानाचा भाव दोन हजार. का, तर दुर्मीळ. त्या शब्दाचा काकांना भयंकर राग. "दुर्मीळ? स्टँडच्या भिंतीला दोरीवर लटकत हुते. कावळे हगायचे त्याच्यावर! आन ह्यो म्हनतोय दुर्मीळ." अंकाची अवस्था कशी आहे यासाठी दुकानवाले इंग्रजीत काहीबाही लिहायचे, ते काका मोजतच नव्हते. आबा बैल घेताना आधी त्याचं तोंड उघडून दात बघायचे, तसे हे अंकाच्या पिना बघायचे. "पिनाचा फोटू मागव." फोटो आला की बोटांनी मोठा करायचे. पिनेला गंज दिसला की संपलं. "दात जुळलेला म्हातारा बैल हाय ह्यो. तरना म्हून इकलालाय चोर." मग तोच अंक घ्यायचे.

आणि कोड! दिवाळीचा कोड, पाडव्याचा कोड, पहिल्या खरेदीचा कोड, कुठल्याशा क्रिकेटच्या मॅचचा कोड. त्यांना ते तोंडपाठ असायचे. दुसऱ्यालाही वाटायचे. संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "गोड बोल. आन लिवून घे, संक्रांत पंधरा. पंधरा टक्के हायत." माझ्या साखरपुड्यात अहेराच्या पाकिटात शंभराच्या नोटेबरोबर एक चिठ्ठी निघाली, तिच्यावर कोड. माझ्या सासरच्यांनी तो घरातल्या सगळ्यांना दाखवला, कुणाला काही उलगडेना. मुदत संपलेले कोडसुद्धा ते टाकून बघायला लावायचे. पडद्यावर लाल अक्षरात यायचं, ‘या कोडची मुदत संपली आहे’. काका खरोखर दुखावायचे. "मुदत सपलेले पास घिऊन चढलेल्या किती पोरास्नी म्या साळंत सोडलंय. आन ह्याला एवढं चालवून घिता येईना?"

दुकानाच्या पानावर कोपऱ्यात एक बाहुली यायची. "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" काका एका बोटानं टाइप करायचे: राम राम. शेवटचं कितीला द्याल? बाहुली म्हणायची, "कृपया खालीलपैकी एक पर्याय निवडा."

"काका, ते मशीन आहे. त्याला कळत नाही."

"मशीनला मालक आसंल का न्हाय? त्याला बोलीव म्हनावं."

एकदा मात्र मी त्यांना आमच्या दुकानातली खरी गोष्ट सांगितली. म्हटलं, "काका, तुम्ही चुकताय. रोज उठून तीच वस्तू उघडून बघता. गिऱ्हाईक घुटमळलं की दुकानदार भाव सोडत नसतो. वस्तू हातात घ्यायची, पसंत पडली असं दाखवायचं, आणि खाली ठेवून पाठ फिरवायची. मग तो हाक मारतो. आमचे बाबा हमखास मारतात."

त्यांना ते इतकं पटलं! अंक टोपलीत टाकला, पैसे न भरता मोबाइल बंद केला आणि दोन दिवस त्याच्याकडं बघितलं नाही. म्हणजे बघितलं नाही असं काकूंना सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुकानाचा निरोप आला: ‘तुमची वस्तू टोपलीत वाट पाहत आहे, हा घ्या खास तुमच्यासाठी दहा टक्क्यांचा कोड.’ मी लॅबमध्ये होते, तिथं फोन. "ए माय! हाक मारली की गं त्यानं!" समोर पेशंट हात पुढं करून बसलेला, आणि मी सिरिंज धरून हसतेय. त्या दिवशी काकांनी उमरग्याच्या स्टँडवरून पेढे आणले.

असं करत करत त्यांनी बरेच अंक जमवले. दोन नंबर, चार नंबर, सहा नंबर. मला प्रश्न पडायचा की हे सम अंकच का घेतात. विचारलं तर म्हणाले, "बाकीचे हायत माज्याकडं." मी म्हटलं असेल एखादी तऱ्हा. तऱ्हांना त्या घरात तोटा नव्हता.

चोविसावा आला तेव्हा काका लहान पोरासारखे खूश झाले. आता एकच राहिला, पंचविसावा. चोविसाव्याच्या शेवटच्या पानावर खलनायक चाबूकस्वाराच्या तोंडावरचं फडकं ओढतो आणि तिथंच अंक संपतो. फडक्याखाली कोण, ते पंचविसाव्यात. "तुम्ही वाचलाय की लहानपणी," मी म्हटलं. "वाचलाय. पन चेहरा आठवंना. लई बेजार झालाव, सपनात बी फडकंच दिसतंय."

पंचविसावा दुकानात होता. एकच प्रत. आणि तिच्याखाली लाल अक्षरात एक ओळ: ‘आणखी एक जण ही वस्तू पाहत आहे.’

काकांचं डोकंच फिरलं. "कोन हाय ह्यो दुसरा?" मी सांगितलं, दुकानवाले उगाच घालतात तसं, गिऱ्हाईक घाबरावं म्हणून. पण भाव खरंच चढायला लागला. तीनाचे चार हजार झाले, चाराचे सहा. काका पाठ फिरवून बघायचे, हाक काही येईना, भाव मात्र वाढलेला असायचा. पेन्शनवर जगणारं घर ते. काकू माझ्याजवळ कुरकुरायच्या, "कागदाच्या घोड्याला एवढं? खऱ्या घोड्याला लागत न्हाईत." काका दिवसातून चारदा मोबाइल उघडून म्हणायचे, "बगलालाय. आजून बगलालाय बग त्यो." जेवताना भाजीसाठी घंटी वाजवायचंही विसरायला लागले. त्यांच्यासाठी हा नुसता नाद राहिलेला नाही, हे मला तेव्हा दिसत होतं. पण काय आहे, ते कळत नव्हतं.

भाव नऊ हजार झाला त्या रविवारी सकाळी ते म्हणाले, "मालकालाच फोन लाव. आवाज मोठा कर." मी लावला. पलीकडं तरुण पोरगा होता, आवाज गोड.

"म्या उमरग्याहून बोललालाव," काकांनी सुरू केलं. "पंचविसावा अंक. नऊ हजार म्हंजे काय रे? बैल इकलालास का कागूद?"

पोरगा हसला. "काका, मागणी आहे तर भाव आहे."

"कोन मागलालंय? सांग तर."

"खरं सांगू का, चाबूकस्वार घेणारे माझ्याकडं तुम्ही दोघंच. दुसरं गिऱ्हाईकच नाही. तुम्ही दोन नंबर घेतला की ते तीन घेतात, तुम्ही चार घेतला की ते पाच घेतात. मला वाटलं धाराशिव जिल्ह्यात ह्याची काही लाट आली काय! म्हणून वाढवत गेलो. आता पंचविसाव्यावर दोघंही अडून बसलाय."

"आमच्या जिल्ह्यातलं हाय ते गिऱ्हाईक?"

"तुमच्याजवळचंच. सास्तूरचं."

पलीकडून पोरगा "हॅलो, हॅलो" करत राहिला. शेवटी मीच "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. काका उठले आणि जवळच्या खुर्चीवर बसले. ती राखीव खुर्ची होती. पण त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

मी स्वैपाकघरात गेले. काकू भाकरी थापत होत्या. म्हटलं, "काकू, सास्तूरला कोण आहे?"

"माजा दीर हाय. ह्यांचा सख्खा धाकला भाऊ." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "कळलं व्हय ह्यास्नी?"

म्हणजे काकूंना ठाऊक होतं! जावाजावांचा फोन चालू होता, कायमच. सास्तूरचा म्हाताराही सुनेला मोबाइल धरायला लावून चाबूकस्वाराचेच, त्याच्याकडं नसलेले अंक मागवतो, त्यालाही कोड लागतात, तोही पिनांचे फोटो मागवतो, हे सगळं काकूंना महिन्याच्या महिन्याला कळत होतं. मला रागच आला. "मग सांगायचं नाही का? हजारो रुपये घातले दोघांनी!"

"काय सांगू? पंचवीस सालं झाली, एकमेकाचं त्वांड बगत न्हाईत. लग्नात एक आला की दुसरा येत न्हाय. म्हनलं, त्या दुकानात का हुईना, दोघं एका जागी तर येत्यात. ते बी मोडू कशाला?" त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तूच शिकीवलंस की, पाठ फिरवली की हाक येती. ह्ये भावाकडं बी तसेच पाठ फिरवून बसलेत. हाक यील म्हून."

बाकीचं काकांनी स्वतः सांगितलं, त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर ओसरीवर बसून. त्यांना नोकरी लागली, उमरग्याला बिऱ्हाड करायचं ठरलं, तेव्हा आबांनी दोघा भावांची वाटणी करून दिली. रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आपला वाटा आधी उचलायचा. भांडीकुंडी झाली, रान झालं, आणि मग चाबूकस्वाराचे अंक निघाले. काकांनी पहिले बारा इकडं ठेवले, पुढचे बारा तिकडं. आबा आले, दोन्ही ढीग मोडले आणि एकाआड एक लावायला बसले. एक इकडं, दोन तिकडं, तीन इकडं. "म्या म्हनलं, आबा, असं कसं? अर्धीच गोष्ट ऱ्हाईल की दोघांकडं. तर आबा म्हनले, ऱ्हाऊ दे. पुढचं वाचायचं झालं तर एकमेकाच्या दारात जावा." धाकट्यानं दोन नंबरपासूनचा ढीग उचलला, पहिला अंक थोरल्याकडं असावा म्हणून. पंचविसावा उरला. आबा म्हणाले, "ह्यो सामाईक. रानातल्या हिरीसारका. ह्यो माज्यापशी ऱ्हाईल."

काही वर्षं आबांची युक्ती चालली. काका सुट्टीला सास्तूरला जायचे, धाकटा बाजाराला उमरग्याला यायचा. पिशवीत अंक असायचेच. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला.

त्या रात्री धाकटा शेतात राखणीला होता. बायको माहेरी. आबा घरात एकटे. काका मिळेल त्या गाडीनं पोचले, तोवर गाव म्हणून काही उरलं नव्हतं. आबा गेले होते. धाकटा दगडमातीत उभा होता, उकरून उकरून त्याच्या हाताची नखं गेलेली. चार माणसं जमलेली. आणि त्या चार माणसांत काका त्याला म्हणाले, "म्हाताऱ्याला घरात टाकून तू शेतात झोपलास व्हय रे?"

"येवडंच बोललाव," काका म्हणाले. "त्येनं माज्याकडं बगितलं, आन खाली बसून परत उकराय लागला. काय उकरलालास म्हून बी म्या इचारलं न्हाय. त्येच्या वाट्याचे अंक मातीतून निगाले म्हनं, पंचविसावा तेवडा गावला न्हाय. तवापासनं त्येनं माजं त्वांड बगितलं न्हाय." मग म्हणाले, "त्या येका शब्दाचा भाव कमी कराया गेलाव न्हाय कवा. सगळ्या दुनियेशी घासाघीस केली."

हे त्यांनी मला का सांगितलं असेल? मी परकी होते म्हणूनच सांगितलं असेल. मला रडू आवरेना आणि त्यांच्यासमोर रडायची लाजही वाटत होती. ते म्हणाले, "मोबाइल घे. काढ त्यो अंक टोपलीतून. घिऊ दे त्येला. आबापशी धाकलाच ऱ्हायला, हक त्येचाच हाय." मी काढला.

त्यानंतर आठवडाभर काका दुकान उघडायला सांगायचे, बघायचे आणि बंद करायला सांगायचे. अंक तिथंच. "घीना का बरं? पैशाची अडचन आसंल का?" पुढच्या आठवड्यात भाव उतरला. नवाचे सात हजार, मग पाच. तरी अंक तिथंच. काकांना चैन पडेना. आणि एक दिवस पुण्याच्या त्या पोराचाच फोन आला.

"काका, झालंय काय? तुम्ही अंक टोपलीतून काढला. मग मीच सास्तूरच्यांना फोन करून सांगितलं, उमरग्याच्या गिऱ्हाइकानं सोडला, तुम्ही घ्या. तर त्यांनीही काढून टाकला. वर मला म्हणाले, उमरग्याला कमी भावात दे, त्यांना पेन्शन पुरत नसंल, वरचे पैसे माझ्याकडून घे. असं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नाही. तुम्हाला माहीत आहे का ते कोण आहेत?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला. दाराशी काकू उभ्या होत्या. "आजून कसली हाक पायजे तुमाला?" त्या म्हणाल्या. पंचवीस वर्षांचा राग होता त्या आवाजात. "पायात वहाना घाला!"

आम्ही तिघं एसटीनंच गेलो. काकूंनी मला सोबत ओढलं. म्हणाल्या, "वाटंत उतरले बितरले तर तू धर." काका खिडकीशी बसले. कंडक्टर ओळखीचा निघाला, तिकीट घेऊ नका म्हणाला, तर काकांनी पुरे पैसे दिले आणि त्याच्याशी वादही घातला नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

नवं सास्तूर सरळ रेघेत बसवलेलं, रुंद रस्ते, एकसारखी घरं. या मार्गावर नोकरीत त्यांनी असंख्य फेऱ्या केल्या असतील, फाट्यावर माणसं उतरवली असतील. पण गावात पाऊल टाकलं नव्हतं. सख्ख्या भावाचं घर कुठलं, ते त्यांना एका मोटारसायकलवाल्या पोराला विचारावं लागलं. पोरानं विचारलं, "तुमी कोन त्यांचे?" काकूंनीच सांगितलं, "थोरले भाऊ हायत." पोरगं बघतच राहिलं, आणि गाडी ढकलत आमच्यापुढं चालायला लागलं.

दुपारचं ऊन होतं. घरासमोर लिंबाखाली एक म्हातारा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. तेच नाक, तीच बसायची ढब. काका अंगणाच्या मधोमध थांबले. म्हातारा वर बघून उठला. शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. दोघंही तसेच. मी काकूंचा हात घट्ट धरला होता. आता हा माणूस काही न बोलताच परत फिरतो की काय, अशी मला धास्ती वाटत होती.

काकांनी घसा खाकरला. वाटेत त्यांनी काय काय जुळवलं असेल कोण जाणे, त्यातलं काहीच आलं नाही.

"त्या राती," ते म्हणाले, "तू शेतात झोपला हुतास." त्यांचा आवाज फुटला. "लई बरं झालं रे. शेतात झोपलास ते लई बरं झालं. तू बी गेला आस्तास तर म्या कुनाकडं बगून जगलो आस्ताव?"

धाकट्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला आणि तसेच उभे राहिले. खांदे हलत होते. घरातून त्यांची सून बाहेर आली आणि दारातच थबकली. मग धाकट्यांनी तोंड पुसलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि थोरल्याकडं नीट बघितलं.

"दादा," ते म्हणाले, "उनात का उभारलास? आत ये की."